सोमवारचे शेषराव

शेषराव पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात गावातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा दंड होता आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. मुलाला बस म्हटलं तर तो बसेना. शेषरावांनी काडेपेटी माझ्या पॅडवर ठेवली आणि बोटाने ढकलून उघडली. आत काड्या नव्हत्या, केस होते. काळे, बारीक, एकमेकांत गुंतलेले.

"हे याच्या आतून निंगाले," ते म्हणाले. "तीन खेपा काढले म्या चिमट्यानं. तरी आत हायेतच. म्याडम, हा कारखाना कुठं हाये तेवढं पाहा अन् बंद करून टाका."

मी मुलांची सर्जन. बुलढाण्यात माझा छोटा दवाखाना आहे. माझा स्वभाव तापट, आणि सकाळपासून पाचवं रडकं पोर तपासून झालेलं. गावच्या न्हाव्याने, म्हणजे समोरच्या याच माणसाने, चिमटा घालून जखम तीनदा उकरली हे ऐकल्यावर मी तोंड उघडलंच होतं. पण शेषरावांनी माझ्या आधी हात वर केला. "बोला. काय बोलाचं ते मले बोला. पोट्ट्याले नोका बोलू, तो आधीच घाबरेल हाये." असं कुणी म्हटल्यावर बोलायची मजाच जाते. मी मुलाला तपासायला घेतलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शेषराव हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांचं गाव धाडच्या आसपासचं, आपण धाडच म्हणू. ज्या मुलीबद्दल पुढे लिहायचं आहे तिला विचारूनच लिहिते आहे, आणि ती म्हणाली, "लिहा, पन आबांचं नाव बदला. माहं तर घेऊच नका." शेषरावांना जाऊन आता वर्ष होत आलं. नाव बदललेलं त्यांना आवडलं असतं. निदान शेवटच्या काळात तरी.

तर त्या मुलाला जे झालं होतं त्याला पायलोनायडल सायनस म्हणतात. नुसतं नाव ऐकूनच आईबाप घाबरतात, म्हणून मी ते सगळ्यात शेवटी सांगते. पाठीचा कणा संपतो तिथे, माकडहाडाजवळच्या घळीत, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यातून केस आत शिरतात, आत बोगदा करून राहतात आणि मग तिथे पू धरतो. मुलं वयात आली, अंगावर केस दाट आले, दिवसभर बाकावर नाहीतर जीपच्या मागच्या फळीवर बसणं झालं, वर आपल्याकडचा घाम, की हा आजार संधी साधतो. आमच्या भागात त्याला केसतोड म्हणून मोकळे होतात. आणि केसतोड म्हटलं की डॉक्टर कुणाला आठवत नाही. न्हावी आठवतो, कारण चिमटा त्याच्याकडे असतो.

पूर्वी आम्हीही काही फार शहाणपणा करत नव्हतो. तो सगळा भाग कापून काढायचा आणि मोठी जखम भरेपर्यंत रोज ड्रेसिंग. पोरगं कितीतरी आठवडे पालथं झोपून. शाळा बुडायची ती वेगळीच. आता लेसर आहे. छोट्याशा भोकातून आत जायचं, केस आणि घाण साफ करायची, मग लेसरचा उजेड नेणारा, उदबत्तीच्या काडीएवढा फायबर आत घालून तो हळूहळू मागे घेत बोगदा आतल्या आत जाळत यायचं. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बाकावर बसतात. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, काहींचं परत उलटतं. हे मी शेषरावांना सांगितलं तेव्हा ते भुवया चढवून माझ्याकडे पाहत राहिले.

"उजेडानं?"

"उजेडानं."

"मंग माह्या वस्तऱ्याले काही काम उरलं का नाही?"

मी म्हटलं, खरं काम तर नंतरच आहे. जळालेला बोगदा भरून येईपर्यंत आणि पुढेही बरेच महिने तिथे केस वाढता कामा नयेत. ते वस्तऱ्याने काढावेत, ट्रिमरने की क्रीमने, यावर आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. पण काढावे लागतात आणि खेड्यातल्या घरांत ते कुणी काढत नाही, कारण त्या जागेचं नाव काढायचीच सगळ्यांना लाज. शेषरावांनी काडेपेटी उचलून खिशात ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "सोमवारी माहं दुकान बंद असते."

मी त्यांना बोलावलं नव्हतं. पण पुढच्या सोमवारी सकाळी नऊच्या जीपने ते हजर झाले, आणि त्यानंतर पाच वर्षं, अंगात ताप असला किंवा घरात लग्न असलं तरच, त्यांचा सोमवार चुकला.

शेषराव उंचीला बेताचे, अंगाने काटक. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, आणि टोपीखालचे केस त्यांच्या धंद्याला शोभतील इतके नीटस. हात धुवायला लागले की नळाखाली इतका वेळ उभे राहत की आमच्या सिस्टर म्हणत, "काका, ऑपरेशन तुम्हीच करणार आहात का?" नखं दर रविवारी कापत, आणि कापली आहेत हे सोमवारी मला दाखवत. मी कधी मागितलं नव्हतं. मुलाला हात लावण्याआधी ते आपली बोटं स्वतःच्या गालाला लावून पाहत, गार असली तर एकमेकांवर चोळत. "गार हाताले पोट्टं दचकते," म्हणत. त्यानंतर कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मीही तपासण्यापूर्वी हात चोळायला लागले आहे. हे मला एमबीबीएसपासून सर्जरीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाशी ते आजाराबद्दल कधीच बोलत नसत. पडद्याआड मुलगा पालथा, शेजारी त्याचा बाप, एका बाजूला सिस्टर, आणि शेषराव कांद्याबद्दल बोलत. नाहीतर कोणत्या गावच्या जत्रेत कोणता पाळणा पडला त्याबद्दल. बोलता बोलता काम संपे आणि पोरगं विचारी, "मंग पाळन्याचं काय झालं?" "ते पुढच्या सोमवारी," शेषराव म्हणत. या एका युक्तीने माझी जितकी मुलं तपासणीला परत आली तितकी माझ्या दटावण्याने आली नसती.

त्यांची खरी विद्या म्हणजे बैठक ओळखणं. "मी तोंड पाहात नाही, बैठक पाहातो," हे त्यांचं पेटंट वाक्य. दुकानात खुर्चीवर बसलेला मुलगा एका कुल्ल्यावर भार टाकून बसला, सरळ बस म्हटल्यावर पुन्हा तसाच कलला, की शेषरावांचं कात्रीवरचं लक्ष उडालंच. मग त्याच्या बापाला बाजूला घेऊन ते दोन शब्द बोलत आणि पुढच्या सोमवारी बाप-लेक माझ्याकडे. गळू फुटायच्या आधी मुलं माझ्यापर्यंत पोहोचायला लागली ती शेषरावांमुळे. या आजारात तेच महत्त्वाचं असतं. मूल जितका काळ लपवतं तितका बोगदा लांबतो.

अर्थात विद्या म्हटली की चुकणं आलंच. एका सोमवारी ते जीपमधून एका परक्या मुलाला थेट दवाखान्यात घेऊन आले. मुलगा मामाच्या लग्नाला निघाला होता. नव्या कपड्यात, कपाळाला गंध, आणि चेहरा रडवेला. धाडपासून बुलढाण्यापर्यंत शेषरावांनी त्याच्या कानात सांगितलं होतं, "बाळा, मले समजलं. लाजाचं काही कारन नाही. किती दिवसापासून हाये?" मुलगा म्हणाला होता, "दोन महिने." "घरी सांगतलं?" "नाही. बाबा मारतीन." "कोनी मारत नाही. आमच्या म्याडम हायेत, त्या काढून घेतीन." हे ऐकल्यावर पोर ढसाढसा रडायला लागलं. मी तपासायला घेतलं तर पोर ठणठणीत. त्याच्या पँटच्या मागच्या खिशात घरच्यांपासून लपवलेला मोबाइल होता, आणि तो मॅडम काढून घेणार म्हणून तो रडत होता. शेषरावांनी त्याला स्वतः लग्नाच्या मांडवापर्यंत सोडलं आणि तिथे पंगतीला बसून जेवूनही आले. वर मलाच म्हणाले, "बैठक तं वाकडीच होती नं!"

काही महिन्यांत एक अडचण उभी राहिली. दूरदूरच्या गावांतून दर आठ-दहा दिवसांनी मुलाला आणणं कुणालाच जमेना. शिवाय मुलीही यायला लागल्या होत्या, त्यांचं काम शेषरावांनी करण्याचा प्रश्नच नव्हता. मग आईबापांनाच वस्तरा शिकवायला शेषरावांनी फुगे आणले. त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या वडिलांनी त्यांना वस्तरा धरायला फुग्यावर शिकवलं होतं. फुगा फुगवायचा, त्यावर साबणाचा फेस माखायचा आणि रेझरने तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की नापास.

त्यानंतर माझ्या दवाखान्याचा सोमवार पाहण्यासारखा झाला. व्हरांड्यात बाकावर चार-पाच आया, मांडीवर फेसाळलेले फुगे, आणि शेषराव परीक्षकासारखे येरझारा घालत. "ताई, हात हलका. वांगं नाही चिरून राह्यल्या तुमी." फट् करून फुगा फुटे, बायका किंचाळत आणि हसत सुटत. ज्या आजाराचं नाव घ्यायला या बायका पदर तोंडाला लावत, त्याच आजारासाठी त्या एकमेकींचे फुगे मोजत. पहिल्या दिवशी मी "हा दवाखाना आहे की वाढदिवस?" म्हणून ओरडले. दुसऱ्या सोमवारी ओरडले नाही.

साखरखेर्ड्याकडचे एक मोठे बागाईतदार मात्र फुगा हातात घ्यायला तयार नव्हते. मुलाचं लेसर झालेलं, जखम छान भरत आलेली. घरी बायको आजारी, म्हणजे हे काम बापाकडेच आलं. ते म्हणाले, "हे आमचं काम नाही. न्हाव्याचं आहे." माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर होतं. शेषराव मात्र हसले. "बरोबर हाये तुमचं. माहंच काम हाये. मंग असं करतो, मी दर सोमवारी साखरखेर्ड्याले येतो. बस स्टँडवर उतरतो, तिथूनच आवाज देत येतो, पाटील, पोराची ती हजामत कराले आलो हो! घर सापडलं नाही तं इचारत इचारत येईन." बागाईतदारांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फुगा हातात घेतला. पहिल्याच खेपेला पास झाले. जाताना शेषराव त्यांना म्हणाले, "तुमचा हात आमच्या धंद्यात चालला असता." यावर ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण पुढल्या तपासणीला त्यांनी शेषरावांसाठी टोपलीभर मोसंबी आणली.

आता शेषरावांचा दोष सांगते. तो साधासुधा नव्हता, कारण त्यांच्या गुणाशीच तो जोडलेला होता. त्यांना गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नसे. धंदाच तसा, गिऱ्हाइकाला अर्धा तास बांधून ठेवायचा तर तोंड चालू पाहिजे. कुणाचं नाव घ्यायचं नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला शपथेवर सांगितलं होतं आणि शपथ त्यांनी तंतोतंत पाळली. नाव नाही, गाव नाही. पण गोष्ट मात्र रंगवून, हातवारे करून, कधी दुकानात, कधी रात्री जेवताना घरच्यांना. मलाही सांगत आणि मीही हसत असे. त्यातली एक कबड्डीवाल्याची होती. संघ जिंकला, फोटो काढायचा ठरला, सगळे खुर्च्यांवर बसले आणि हा एकटा काही केल्या बसेना. मास्तर म्हणतात बस, हा म्हणतो, मी उभाच बरा. ती गोष्ट शेषराव उठून, अवघडलेलं उभं राहून दाखवत. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

हिवाळ्यातल्या एका गुरुवारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी दहावीत. अंगात ताप, आणि स्टुलावर न बसता टेबलाला टेकून उभी. मी पाहिलं तर गळू चांगलंच मोठं झालेलं. कधीपासून, तर दिवाळीच्या आधीपासून. आईलासुद्धा कालच कळलेलं, तेही ताप चढला म्हणून.

"परीक्षा मार्चमध्ये हाये," मुलगी म्हणाली. "तीन तास बसता येईन न मले?"

"येईल. पण इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. त्या दिवशी मी पू काढून दिला, औषधं दिली आणि तीन आठवड्यांनी लेसर करू म्हटलं. आई म्हणाली, "तारीख कोनतीही द्या. फक्त सोमवार नोका देऊ."

"अहो, सोमवारीच या. त्या दिवशी आमच्याकडे शेषरावकाका असतात. पुढची काळजी कशी घ्यायची ते तेच तुम्हाला..."

"म्हनूनच," आई म्हणाली. "ते माहे मामाजी हायेत."

आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी पेन खाली ठेवलं. शेषरावांची नात माझ्यासमोर उभी होती, आणि अख्ख्या मुलखातली पोरं ज्या माणसाने आजार लपवण्यापासून सोडवली त्याच्याच घरात तिने तो दोन महिने लपवला होता.

"तुझे आबा तर किती चांगले आहेत," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"हाव, चांगले हायेत," ती म्हणाली. "नाव नाही घेत कोनाचं. पन कबड्डीवाल्याची गोष्ट सांगतली नं त्याहीनं. तो फोटो आमच्या शाळेत लावेल हाये, हापिसाच्या बाहीर. त्यात एकच पोरगा उभा हाये. एका दिवसात सगळ्याले समजलं. तो आता मैदानात येत नाही, पोट्टे त्याले खुर्ची आनून देतात." मग तिने डोळे पुसले. "मी उभी राह्यली असती तं माहीबी गोष्ट झाली असती."

मी तिला शब्द दिला की ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही. लेसर शुक्रवारी केलं, नीट झालं, ती दुसऱ्या दिवशी घरी गेली. घरी सांगितलं होतं की आईबरोबर मामाकडे निघाली आहे. फुग्याचं शिक्षण मी आणि सिस्टरने तिच्या आईला दिलं. म्हणजे द्यायचा प्रयत्न केला. माझ्या हातून ओळीने तीन फुगे फुटले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आपलं ऑपरेशनच करा."

त्यानंतरचाच सोमवार. दुपारी गर्दी ओसरल्यावर शेषराव आत येऊन उभे राहिले. फेसाचा ब्रश अजून हातात.

"म्याडम, एक पोट्टी हाये," ते म्हणाले. "नाव नाही सांगत. तिची बैठक मले दिवाळीपासून वाकडी दिसून राह्यली. ताटावर बसली का मी पाहातो, अन् मान खाली घालतो. साऱ्या दुनियेच्या पोट्ट्याइले मी इचारतो, तिले नाही इचारता येत मले."

शेषरावांनी पाच वर्षांत माझ्यापासून पहिल्यांदा काही लपवलं होतं, आणि नेमकं तेच मला माहीत होतं. आजोबा आणि नात, दोघांचंही एकच गुपित, दोघांनाही ते एकमेकांना सांगता येत नव्हतं, आणि मध्ये मी शब्दाने बांधलेली. हसावं की रडावं कळेना.

"ती डॉक्टरकडे गेलीही असेल," मी म्हटलं.

"असन?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा आली की मला बघवेना. मग ती मावळली. "मंग माह्यापासून काऊन लपवते? मी काय वाघ हाये?"

इथे कुणी हळुवार माणूस असता तर त्याने वेळ मारून नेली असती. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "काका, त्या कबड्डीवाल्याचा फोटो शाळेत लावलेला आहे. त्यात एकच मुलगा उभा आहे."

"म्या नाव नोतं घेतलं."

"नाव घ्यायची गरजच पडली नाही. आणि मीही हसले होते, म्हणजे तुम्ही एकटेच दोषी नाही."

शेषरावांच्या ब्रशवरचा फेस वाळत गेला. मग त्यांनी तो नळाखाली धुतला, पिशवीत ठेवला आणि नेहमीच्या आधीच्या जीपने निघून गेले. मला वाटलं, आता हा माणूस परत येत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, स्वतःचाच.

पण पुढच्या सोमवारी नऊच्या जीपने ते आले. मधल्या आठवड्यात काय झालं ते मला नंतर त्या कबड्डीवाल्याच्या वडिलांकडून कळलं. शेषराव त्यांच्या घरी गेले होते. बाप म्हणाला, अहो काका, एवढं काय, पोरांचं चालायचंच. शेषराव म्हणाले, मले त्याले भेटाचं हाये. मुलगा बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसून राहिले, तेव्हा मुलगा दारात आला. शेषराव उठून उभे राहिले आणि त्याच्यासमोर हात जोडले. म्हणाले, "चुकलं माहं." सत्तरीच्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलापुढे हात जोडावेत हे बापाला काही पसंत पडलं नाही. पण मुलगा त्या संध्याकाळी मैदानावर गेला.

त्यानंतर शेषरावांची गोष्ट बंद झाली. दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली, काका, दात दुखतो का? एकाने तर मला फोन करून विचारलं की काकांच्या घशाला काही झालंय का, तुम्ही तपासलं का? मुलांसाठी कांदा आणि पाळणा तेवढा चालू राहिला. घरी मात्र जेवताना ते गावच्या पाण्याबद्दल बोलत, पिकांबद्दल बोलत, दवाखान्याचं नाव काढत नसत. नात हे सगळं पाहत होती. असली मुलं फार बारकाईने पाहतात.

तिची तपासणी मी बुधवारी ठेवली होती. ती सोमवारी आली. आईने मला दारातूनच खूण केली की हे माझं काम नाही, हिनंच ऐकलं नाही. व्हरांड्यात बायका फुगे घेऊन बसल्या होत्या. मुलगी सरळ त्यांच्यामधून पुढे आली आणि शेषरावांच्या समोरच्या स्टुलावर बसली. पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीवर, भार अगदी मध्यावर.

शेषराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक फुगा उचलला, फुगवला, गाठ मारली आणि सुनेच्या हातात दिला. सासऱ्यांच्या नजरेखाली चार ओढीत फुगा फुटला.

"दुसरा घ्या," शेषराव म्हणाले.

"मामाजी, घरी मी दर आठवड्याले..."

"दुसरा घ्या."

दुसराही फुटला. नात फिस्सकन हसली, मग सगळ्या बायका हसल्या, सूनही हसली. तिसऱ्यावरचा फेस तिने काठापासून काठापर्यंत स्वच्छ उतरवला. शेषरावांनी फुगा उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून पाहिला. "जमलं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. हात तर ते नेहमीच खूप वेळ धूत, त्या दिवशी तोंडही कितीतरी वेळ धूत राहिले. मी सिस्टरला सांगितलं की तिकडे कुणाला जाऊ देऊ नका.

मार्चमध्ये ती प्रत्येक पेपरला तीन तास बसली. शाळेत कुणाला काही कळलं नाही.

उन्हाळ्यात मी वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या घ्यायला धाडच्या बाजाराला गेले होते. शेषरावांचं दुकान बाजाराच्या तोंडालाच, हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. टपरीवजा दुकान, आत एक खुर्ची, बाहेर बाकडं. खुर्चीवर गिऱ्हाईक, गळ्याशी कापड, आणि शेषराव वस्तरा घेऊन वाकलेले. बाहेरच्या बाकड्यावर नात आणि तिच्या दोन मैत्रिणी कुल्फी खात बसलेल्या. मला इतका आनंद झाला की माझा हात आपोआप वर गेला.

नातीने मला पाहिलं आणि तिची कुल्फी हातातच राहिली. मैत्रिणींपैकी एकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोवर शेषरावांनीही मला आरशात पाहिलं होतं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचंही लक्ष गेलं. "काका, ह्या बाई कोन हो? हात करून राह्यल्या. वळखीच्या हायेत का तुमच्या?"

शेषराव वळले. पाच वर्षं दर सोमवारी ज्या माणसाने मला नखं दाखवली, त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत परक्या बाईसारखं पाहून घेतलं.

"नाही बा," ते म्हणाले. "बाजाराले आल्या असतीन." आणि गिऱ्हाइकाची हनुवटी धरून त्यांनी तोंड पुन्हा आरशाकडे केलं.

मी हात खाली घेतला आणि मिरचीवालीकडे वळले. मागे त्या मुली कशावर तरी हसायला लागल्या, आणि त्यात तिचंही हसू होतं.